वळवाच्या घरचा ताप

"अरं, धर की दोर!" धोंडीतात्या ओरडला.

दोर माझ्या हातातच होता. पण मोगऱ्यानं पुढं हिसका दिला आणि माझ्या जांघेतून अशी कळ निघाली की मी दोर टाकून खोड्याचा खांब धरला. वळू मोकळा सुटला. तात्याची गाय खोड्यात, लाकडाच्या चौकटीत, बांधलेली होती. मोगऱ्याला वाट दाखवायची गरज नव्हती. त्यानं आपलं काम आपणच उरकलं आणि बाजूला होऊन फुसकारत उभा राहिला.

"बिनड्रायव्हरची गाडी बरी चालली की," तात्या हसला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुला काय झालं रं हरिबा? घाम फुटलाय."

"पाय मुरगाळलाय."

"पाय व्हय? मग हात कुठं धरलायस?"

मी हात काढला.

"लाथ बसली का काय? जपून बाबा. वळवाची लाथ असल्या जागी बसली तर वंश बुडतो माणसाचा." एवढं बोलून तात्यानं जीभ चावली. माझ्या लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती आणि घरात मूल नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. "न्हाई, म्हंजे तसं न्हवं," असं काहीतरी पुटपुटत त्यानं गुळाचा खडा मोगऱ्याच्या तोंडात दिला, गाय सोडली आणि निघून गेला.

मी वळलो तर दारात हौसा, माझी बायको, उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.  पाण्याची बादली मोगऱ्यापुढं ठेवली आणि आत गेली.

आमची शेरेवाडी माणदेशात. पाऊस थोडा, माळ मोठा. माझ्या वडिलांनी खिलार वळू पाळला आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांच्या गायी आमच्याकडं यायला लागल्या. आमचं आडनाव गळवे, म्हणून लोक आम्हाला वळवाचे गळवे म्हणत. वडील गेले तरी नाव चाललं. मोगऱ्या पांढराशुभ्र, शिंगं मागं वळलेली, जत्रेत नंबर काढलेला. त्याच्याशिवाय आमच्या चार गायी होत्या. घरात मी, हौसा आणि आई. वळवाच्या घरी पाळणा नाही, असं गावात माघारी बोलत. पुढ्यात कुणी बोलत नसे.

मला ताप यायला लागला तो श्रावणात. दिवसा मी बरा असायचो. ऊन कललं की अंग मोडून यायचं, थंडी वाजायची, कंबर धरायची. पहाटे घाम यायचा, तोही असा की सदरा पिळून काढावा. त्या घामाला वास यायचा, शिळ्या गवतासारखा. सकाळी पुन्हा बरं वाटायचं, म्हणून मी कामाला लागायचो. दिवाळीपर्यंत मी निम्मा झालो. दिवाळीनंतर उजव्या बाजूचं खालचं सुजलं. आधी लिंबाएवढं होतं. मग कैरीएवढं झालं. चालताना जड वाटायचं, बसताना जीव जायचा.

मी ते कुणाला सांगितलं नाही. लंगोट आवळून बांधायचो. एरंडाची पानं तव्यावर गरम करून, तेल लावून, गोठ्यात बसून बांधायचो. गाय व्यायला झाली आहे, लक्ष ठेवायला पाहिजे, असं सांगून मी गोठ्यातच झोपायला लागलो. कुठलीच गाय व्यायला झालेली नव्हती.

एक दिवस हौसा म्हणाली, "परसातल्या एरंडाला पान ठेवलं न्हाई तुमी. कशाला लागत्यात एवढी?"

"मोगऱ्याच्या खांद्याला. सुजलाय."

"मोगऱ्याला मी रोज पाणी पाजती. खांद्याला काय बी झालेलं न्हाई त्याच्या."

मी कडबा तोडत राहिलो. ती तिथंच उभी राहिली.

"माझा कटाळा आलाय का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग घरात निजा."

मी घरात निजलो नाही.

शेवटी शेजारच्या गावात बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या कंपाउंडरकडं गेलो. तो पूर्वी कुठल्या तरी दवाखान्यात कामाला होता आणि आता स्वतःच सुया टोचायचा. त्यानं पडदा न ओढताच धोतर सोडायला लावलं, बघितलं आणि डोळा मारला.

"चैताच्या जत्रंला गेल्तास न्हवं वळू घेऊन?"

"गेल्तो."

"मग तितंच कुठंतरी तोंड मारलं असशील."

"आईच्यान् न्हाई."

"सगळे आईच्यानच म्हणत्यात," तो म्हणाला आणि सुई टोचली. "घरवालीपासून लांब ऱ्हा."

मी लांबच होतो. तीन बाजार मी सुया घेतल्या. फरक काही पडला नाही. पण कंपाउंडरचं तोंड काही सुईएवढं बारीक नव्हतं. एका संध्याकाळी हौसा दळण घेऊन आली, पिठाचा डबा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसत सरळ गोठ्यात माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"गिरणीत बाया माझ्याकडं बघून गप झाल्या. मी इचारलं काय झालं, तर एकजण म्हणली, तुज्या धन्याला इचार. जत्रंत काय केलंत तुमी?"

"काय बी केलं न्हाई."

"शपथ घ्या."

"ह्या मोगऱ्याची शपथ."

"मग दाखवा."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. सात वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना उजेडात बघितलेलं नव्हतं. आमच्याकडं तशी रीतच नव्हती. आई पुढल्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती, तिचा आवाज ऐकू येत होता.

"अगं, खुळी का काय?"

"दाखवा म्हणते न्हवं."

मी गाईच्या आडोशाला झालो आणि धोतर वर घेतलं. मान वर करायची हिंमत झाली नाही. ती खाली बसली आणि बघितलं. हात लावला नाही.  मला वाटलं, आता ही तोंडात मारील किंवा रडेल.

"उद्या पयल्या एस्टीनं जिल्ह्याला जायचं," ती उठत म्हणाली. "आईला मी सांगती, कंबर धरलीया म्हणून."

जिल्ह्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात उपळेकर नावाचे सर्जन होते. पन्नाशीचे, बुटके, भराभर बोलणारे. हौसाला बाहेर बाकावर बसवलं. त्यांनी हातमोजे घालून तपासलं, मागून बॅटरी लावून सुजेत पाणी आहे का ते बघितलं. उजेड पार गेला नाही. मग छातीचा फोटो काढला, लघवी तपासली, आणि पुन्हा आत बोलावलं.

"टणक आहे," ते म्हणाले. "पाणी नाही. फोटोत क्षय दिसत नाही, पण खाली असू शकतो. किंवा गाठ असेल, वाईटातली. उघडून बघावं लागेल. बहुतेक ती बाजू काढावी लागेल."

मी धोतराचा सोगा आवळून धरला.

"दुसऱ्या बाजूची नळीही थोडी जाड लागते," ते म्हणाले. "मुलं किती?"

"न्हाईत जी."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बायको कुठंय?"

"बाहीर हाय. पण तिला सांगू नगा."

"तुमचा एक अवयव काढायचा आणि बायकोला सांगायचं नाही? उद्या ती मलाच विचारेल की." ते कागदावर लिहायला लागले. लिहिता लिहिता विचारलं, "संध्याकाळचा ताप, पहाटे घाम, कंबर. काम काय करता?"

"शेती. गुरं हायती."

"दूध कच्चं पिता?"

"धारोष्ण पितो. लहानपणापासनं."

पेन थांबलं. "गोठ्यात कुठली गाय गाभडली का ह्या वर्षात?"

"न्हाई जी," मी म्हणालो.

विचार करून मी ते बोललो नव्हतो. तोंडातून आपोआपच गेलं. आमच्या भागात गुराखी माणसाला हे लहानपणीच शिकवलेलं असतं. गाय गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आधीच गाभ पडला, की ते तोंडानं बोलायचं नाही. उजाडायच्या आत गाभ बांधाला पुरायचा, हात धुवायचे आणि गप्प बसायचं. बोललं की तोच दोष दुसऱ्या गायीला लागतो, असं आई म्हणायची, तिची सासूही म्हणायची. त्यात आमचं घर वळवाचं. वळवाच्या गोठ्यात गाय गाभडली असं कुणाच्या कानावर गेलं असतं तर आमच्या खोड्यात पुन्हा कोण गाय घालणार? त्या सालात आमच्या तीन गायी गाभडल्या होत्या. तिघींची वार अडकली होती. मी कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढली होती, उघड्या हातानं, वडील काढायचे तशीच. पण डॉक्टरांपुढं मी नाही म्हणालो आणि माझ्या मनाला ते खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

त्यांनी कागद पुढं ओढला. "मग उद्या सकाळी करू. बोलवा बायकोला."

हौसा आत आली आणि पदर सावरून भिंतीशी उभी राहिली. डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं तरी बसली नाही. त्यांनी सगळं सांगितलं. मधे फक्त एक कापडी पडदा होता आणि पलीकडं एक म्हातारा रोगी पडला होता. तो सगळं ऐकत होता हे मला कळत होतं. नंतर तो मला म्हणालाही, "अवघड जागेचं दुखणं आन जावई डॉक्टर, म्हणत्यात. तुमचा जावई न्हाई, एवढं देवाचं बरं." डॉक्टर सांगत होते तेव्हा मी जमिनीकडं बघत बसलो होतो. जमीन दुभंगावी असं म्हणतात ना, तसंच मला वाटत होतं.

"कापल्यावर ताप जाईल का?" हौसानं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते सांगता येत नाही."

"मग ताप कशाचा हाय ते आधी सांगा की. मग कापा."

"बाई, तेच तर शोधतोय." ते चिडले नाहीत, पण कंटाळल्यासारखे झाले. "घरात अजून कुणाला ताप आहे?"

"मला हाय."

मी मान वर केली. मला माहीत नव्हतं.

"कधीपासून?"

"आषाढापासनं. येतोय, जातोय. सांधे धरत्यात. चुलीपुढं घाम येतोच, म्हणून कुणाला कळलं न्हाई."

"आणि गुरांना काही?" ते म्हणाले. "हे म्हणतात गाभडली नाही कुठली."

हौसानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. अगदी थोडी, पण तिला कळेल एवढी. नंतर किती वेळा ती मान हलवलेली मला आठवली आहे. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग डॉक्टरांकडं वळली आणि म्हणाली, "गाभडल्या. तीन गाई गाभडल्या. तिन्ही गाभ म्या हातानं पाटीत घालून बांधाला नेलं."

पेन कागदावर टेकलं.

"आन मीबी," हौसा म्हणाली.

 पडद्यापलीकडचा म्हातारा खोकत होता, तोही थांबला.

"किती महिन्यांची होतात?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"पाचवा लागला हुता."

मला हे माहीत होतं. आषाढात एका सकाळी मी शेतातून आलो तर हौसा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. आई मोरीत हात धूत होती. आई एवढंच म्हणाली, "खाली झाली ती. तोंडानं बोलू नगंस, तिला बी काय इचारू नगंस." मी बोललो नाही. मी मोगऱ्याला धुवायला ओढ्यावर घेऊन गेलो. चार दिवसांनी हौसा उठली आणि कामाला लागली. त्या दिवसापासून डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या क्षणापर्यंत आमच्या घरात त्या गोष्टीचा एक शब्द निघाला नव्हता. सात वर्षं वाट बघून राहिलेला तो गर्भ होता.

डॉक्टर उठले, दार लावून घेतलं आणि दोघांचं रक्त काढलं. रक्त मोठ्या शहरात पाठवावं लागणार होतं.

"उद्याचं ऑपरेशन नाही," ते म्हणाले. "उत्तर येईपर्यंत कुणी काही कापणार नाही."

मग ते माझ्याकडं वळले. "मी सरळ विचारलं होतं. नाही का म्हणालात?"

"आमच्यात बोलत न्हाईत जी."

"कुणाजवळच?"

मी दंडावरचा कापूस दाबून धरला. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही.

आम्ही धर्मशाळेत राहिलो. ते दिवस फार अवघड गेले. हौसा तीन दगडांवर भात शिजवायची, मला वाढायची आणि पलीकडच्या बायकांत जाऊन बसायची. त्यांच्यात ती हसायची, बोलायची. माझ्याजवळ आली की आम्ही दोघं गप्प. एकदा मी विचारलं, "त्या डॉक्टरापुढं ते बोलायची काय गरज हुती?"

"कुठलं?"

"शेवटचं."

ती भात परतत होती. "ते इचारत हुते," म्हणाली. "दुसरं कोण इचारत हुतं?"

रक्ताचं उत्तर आलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि आमच्या भाषेत सांगितलं. हा गुरांचा रोग आहे, त्याचं नाव ब्रुसेला. गाय गाभडते तेव्हा त्या पाण्यात, त्या वारेत, त्या गाभात रोगाचे जंतू असतात. हाताला बारीक चीर असली तरी आत जातात. कच्च्या दुधातूनही जातात. माणसाला ताप येतो, सांधे धरतात. पुरुषाच्या ह्या जागी जाऊन बसतात आणि सूज येते, ती गाठीसारखी दिसते, क्षयासारखी दिसते. बाईचं मूल जाऊ शकतं.

"म्हंजे माझ्या अंगात दोष न्हवता?" हौसानं विचारलं.

"नव्हता," डॉक्टर म्हणाले. "तुमचा नव्हता."

मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यांनी तोंड उघडलं नसतं तर मी तुमचं काढलं असतं, आणि ताप तसाच राहिला असता. दुसरी बाजूही हळूहळू गेली असती. मीही आधी ह्यांनाच विचारायला हवं होतं."

दोघांना दीड महिना औषध. एक कॅप्सूल दोघांना सारखी. मला शिवाय रोज कुल्ल्यावर इंजेक्शन, तीन आठवडे. तिला दुसरी लाल कॅप्सूल. "लघवी लाल होईल, घाबरायचं नाही," डॉक्टर म्हणाले. हौसा मला हळूच म्हणाली, "रंगपंचमी करा म्हणावं." इतक्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा तसं काही बोलली होती. मला हसू आलं नाही. मला तोंड लपवावंसं वाटलं.

आठवड्यात माझा ताप उतरला. सूज बसायला वेळ लागला. ताप गेल्यावर मी म्हणालो, आता बास, उगाच कशाला गोळ्या गिळायच्या. हौसानं भाकरीचं ताट माझ्यापुढून उचललं आणि म्हणाली, "आधी गोळी, मग भाकरी." पुरा दीड महिना तिनं असंच केलं. पुढच्या दोन वर्षांत आम्हाला मुलगा झाला. नंतर आणखी एक. धाकटाच आता गुरं बघतो, जर्सी आहेत. हौसा गेली त्याला आता दीड वर्ष झालं. थोरला म्हणतो, आबा, आमच्याकडं येऊन राहा. पण मी ह्या घरातच बरा आहे.

त्या साली आम्ही जिल्ह्याहून परत आलो तेव्हा तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर लोखंडे आले. उपळेकर डॉक्टरांनीच त्यांना कळवलं होतं. त्यांनी गायींचं रक्त घेतलं, मोगऱ्याचं घेतलं. मग मोगऱ्याच्या मागं जाऊन खाली बसून बघितलं.

"हा कधीपासून सुजलाय?"

मोगऱ्याची एक बाजूही सुजलेली होती. ते मला माहीत होतं. गायीनं लाथ मारली असेल, अशी मी स्वतःचीच समजूत घातली होती. मी सांगितलं, "लई दिवस झालं."

रोग वळवात निघाला, तीन गायींतही निघाला. लोखंडे डॉक्टर म्हणाले, ह्याला आता कुठल्याही गायीवर सोडायचं नाही. चिमटा लावून खच्ची करायचा आणि वेगळा बांधायचा.

आई त्या दिवशी जेवली नाही. "माझ्या सासऱ्याच्या येळेपासनं ह्या गोठ्यात असं झालं न्हाई," ती म्हणाली. "तोंडानं बोललं, म्हणून झालं. परक्या माणसापुढं घरचं उघडं केलं हिनं." हौसा चुलीपुढं बसली होती. ती भाकरी थापत राहिली. मी म्हणालो, "आये, आदी बोललो न्हाई म्हणूनच इतकं झालं. आपण सगळीच बोललो न्हाई." आईनं माझ्याकडं पाठ फिरवली. हौसाचा हात भाकरीवर क्षणभर थांबला, पण तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मोगऱ्याला खोड्यात घातलं आणि दोर मी धरला. दुसरं कोण धरणार? चिमटा लागला तेव्हा तो माझ्याकडं डोळे फाडून बघत होता. मी वाचलो होतो आणि त्याचं गेलं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी दोर सोडला नाही.

दोन दिवसांनी धोंडीतात्या दुसरी गाय घेऊन दारात हजर.

"परत न्या, तात्या," मी म्हणालो. "वळू आता चालत न्हाई."

"का रं? म्हातारा तर न्हाई झाला."

 मी घराकडं बघितलं. हौसा दारात नव्हती, आई होती. मी तात्याला सांगितलं. गायी गाभडल्या, वळू रोगी निघाला, मला ताप आला, खाली सुजलं, सगळं सांगितलं. जत्रेचं काही नव्हतं, हेही सांगितलं. सांगताना मला घाम आला.

मला वाटलं तात्या शिव्या देईल. त्यानं गायीचा कासरा हातात गुंडाळला आणि खाली बघून म्हणाला, "आमच्या बी दोन गेल्या, पावसाळ्यात. बायकोला म्हणलं, कुणाजवळ बोलायचं न्हाई." मग तो म्हणाला, "किती घरात झालं असंल रं, हरिबा?"

"आपण काय इचारलं कुणाला," मी म्हणालो.

लोखंडे डॉक्टरांनी अजून एक सांगितलं होतं. गाभ जिथं पुरले, तिथं चुना टाकायचा. कोल्ही-कुत्री उकरतात आणि रोग पसरतो. जागा दाखवा, म्हणाले होते. मला जागा माहीत नव्हत्या. मी वार काढायचो, पुढचं हौसाच करायची. म्हणून एका सकाळी मी चुन्याची पाटी डोक्यावर घेतली आणि तिच्याबरोबर बांधाला गेलो.

तिनं हिवराच्या झाडाखालची पहिली जागा दाखवली. मी चुना टाकला, वर माती लोटली, दगड रचले. तिनं दुसरी दाखवली. तिसरी बांधाच्या वळणावर होती. तिथंही टाकला. पाटीत अजून चुना शिल्लक होता. मी पाटी उचलून निघालो तर ती आली नाही.

ती पलीकडं, बोरीच्या खाली उभी होती. तिथं दगड नव्हते. मातीचा रंग फक्त थोडा वेगळा होता आणि कुणीतरी त्याच्याभोवती काटे लावले होते.

"हितं बी टाकायचा का?" तिनं विचारलं.

मला वाटत होतं आईनं ओढ्यात सोडलं असेल. मी कधी विचारलंच नव्हतं. पाटी हातात धरून मी तसाच उभा राहिलो. सूर्य वर आला होता, माळावर कुणी नव्हतं.

"पोरगा हुता का पोरगी?" मी विचारलं.

"पोरगी," हौसा म्हणाली. "आईनं फडक्यात गुंडाळायच्या आधी म्या बघितली. नाक तुमच्यावर गेल्तं."

मी खाली बसलो. तिनं मला रडू दिलं. ती रडली नाही. तिचं रडणं आषाढातच भिंतीकडं तोंड करून संपलं असणार, आणि तेव्हा मी ओढ्यावर वळू धुवत होतो.

थोड्या वेळानं ती वाकली, काटे हातानं बाजूला केले आणि माझ्यापुढची पाटी ओढून घेतली.

"टाकायला सांगितलाय न्हवं डॉक्टरांनी," ती म्हणाली. "मग तिचं येगळं काय?"

तिनं ओंजळीनं चुना घेतला आणि त्या जागेवर पसरला, रांगोळी घालावी तसा सावकाश, सगळीकडं सारखा. मग ती दगड वेचायला लागली. मी उठलो आणि तिच्याबरोबर दगड आणायला गेलो.